बँका बंद, घर परदेशात: सायप्रसच्या अनुभवावरून सुट्टीच्या घराच्या मालकांसाठी मार्गदर्शन

शनिवार, १६ मार्च २०१३ च्या पहाटे युरो चलनाच्या देशांच्या अर्थमंत्र्यांनी ब्रसेल्समध्ये सायप्रसला मदत देण्याचे ठरवले आणि त्याबदल्यात बँकांतल्या प्रत्येक ठेवीतून एकदाच कर कापून घेण्याची अट घातली: एक लाख युरोपर्यंत ६.७५ टक्के आणि त्यावरील रकमेवर ९.९ टक्के. सोमवारी सणाची सुट्टी होती, त्यामुळे बँका मंगळवारी उघडतील असे सगळे धरून चालले होते. त्या शनिवारी आम्ही सायप्रसमधल्या पाफोस शहरातच होतो. हिवाळाभर बंद असलेला फ्लॅट उघडावा, गाद्या उन्हात टाकाव्यात आणि चार दिवसांनी इंग्लंडला परतावे, एवढाच बेत होता. मी पाव आणायला गेले तेव्हा एटीएमपुढे पंधरा-वीस माणसे उभी होती. माझ्या पुढच्या आजोबांनी एकामागून एक तीन कार्डे यंत्रात घातली, आलेल्या नोटा न मोजता पावाच्या कागदी पिशवीत टाकल्या आणि त्यांवर पाव ठेवला. माझी पाळी आली तेव्हा यंत्रातले पैसे संपले होते.

बँका मंगळवारी उघडल्या नाहीत. त्या उघडल्या गुरुवारी, २८ मार्चला, दुपारी बारा वाजता. त्या बारा दिवसांत आमच्या घराची एक वीटही हलली नव्हती, पण घराभोवतीचा प्रत्येक व्यवहार अडकला होता: खात्यातले पैसे, मालकीचा कागद, कर्जाचे चलन आणि संकुलाची देखभाल. परदेशात सुट्टीचे घर असलेल्या माणसाने अशा काळात काय करावे, हे पुढे त्याच क्रमाने लिहिले आहे ज्या क्रमाने ते हाती घेणे मला आज शहाणपणाचे वाटते. आम्ही स्वतः ते जवळजवळ उलट्या क्रमाने केले होते. घर विकावे की ठेवावे हा प्रश्न मुद्दाम शेवटी घेतला आहे, कारण आधीच्या प्रश्नांची उत्तरे हातात नसताना घेतलेला निर्णय भीतीपोटी घेतलेला असतो.

खात्यात किती पैसे असावेत

पहिला करप्रस्ताव सायप्रसच्या संसदेने १९ मार्चला फेटाळला. बाजूने एकही मत पडले नाही. २५ मार्चला दुसरा तोडगा निघाला आणि तो मोठ्या ठेवीदारांना पहिल्यापेक्षा फार महागात पडला. लाइकी ही देशातली दुसरी मोठी बँक बंद करण्यात आली; तिच्यातल्या एक लाख युरोपर्यंतच्या ठेवी बँक ऑफ सायप्रसकडे गेल्या आणि त्यावरच्या रकमा जवळजवळ बुडाल्या. बँक ऑफ सायप्रसमध्ये एक लाखावरच्या ठेवींपैकी ४७.५ टक्के रकमेचे बँकेच्या शेअरमध्ये रूपांतर झाले. बँका उघडल्यावर दिवसाला ३०० युरोच काढता येत, चेक देऊन रोख मिळत नसे आणि देशाबाहेर जाताना सुरुवातीला १,००० युरोपेक्षा जास्त रोख नेता येत नव्हती. हे निर्बंध टप्प्याटप्प्याने सैल होत गेले आणि पूर्णपणे उठले ते ६ एप्रिल २०१५ रोजी. पुण्यातल्या आमच्या नातेवाइकांना हे समजावून सांगावे लागले नाही, कारण फेब्रुवारी २०१३ मध्येच रुपी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले होते आणि घरातल्या एका आत्याबाईंची मुदत ठेव तिथे अडकली होती. फोनवर दोन्हीकडून एकच विषय चालला होता, फक्त चलन वेगळे होते.

यावरून पहिला नियम असा की स्थानिक खात्यात घर चालवण्यापुरतेच पैसे ठेवावेत. त्यासाठी वर्षभराच्या खर्चाचा कागद आधी मांडावा: सामाईक देखभाल, वीज, पाणी, नगरपालिकेची पट्टी, विमा, साफसफाई करणाऱ्या बाईंचे पैसे आणि कर्ज असल्यास त्याचे हप्ते. आमच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटला हप्ता सोडून वर्षाला अडीच हजार युरोच्या आसपास खर्च येई, आणि तरीही २०१३ मध्ये आमच्या खात्यात त्याच्या पाचपट रक्कम पडून होती, केवळ तिथे व्याज जास्त मिळते म्हणून. ती एक लाखाच्या आत असल्यामुळे बुडाली नाही, परंतु दोन वर्षे ती मोकळेपणाने परत आणता आली नाही. आता आम्ही सहा महिन्यांच्या खर्चाइतकीच रक्कम तिथे ठेवतो. जिथे शेजारच्या बँकांपेक्षा व्याज डोळ्यांत भरण्याइतके जास्त मिळते, तिथे बँकेला ठेवींची निकड का आहे हा प्रश्न ठेवीदाराने स्वतःला विचारावा; आम्ही तो विचारला नव्हता.

युरोपीय संघात ठेवींचे संरक्षण प्रत्येक ठेवीदाराला, प्रत्येक बँकेमागे एक लाख युरोपर्यंत असते. एकाच बँकेतल्या चार खात्यांना मिळून ते एकदाच लागू होते, तर नवरा-बायकोच्या संयुक्त खात्यात दोघांना वेगवेगळे मिळते. याहून महत्त्वाची एक बारीक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते, ती म्हणजे समोरचे कार्यालय परदेशी बँकेची शाखा आहे की त्याच देशात नोंदलेली स्वतंत्र उपकंपनी. लंडनमध्ये लाइकी बँकेची शाखा होती, म्हणून तिथल्या ठेवींचे संरक्षण सायप्रसच्या योजनेकडे होते. बँक ऑफ सायप्रसची ब्रिटनमधली बँक मात्र २०१२ मध्येच ब्रिटिश उपकंपनी झालेली असल्याने तिच्या ठेवीदारांना ब्रिटनच्या योजनेचे छत्र मिळाले. दोन्हींच्या पाट्या सायप्रसच्या, दोन्हीकडे बोलणारी माणसे सायप्रसची, पण संकटात एकीचे ठेवीदार दुसरीच्या मानाने कितीतरी जास्त उघडे पडले होते. खाते कोणत्या देशाच्या हमीखाली येते हे बँकेकडून लेखी घ्यावे.

दोन सूचना थोडक्यात. वीज आणि पाण्याची बिले स्थानिक खात्यातून आपोआप जात असतील तर मायदेशातल्या बँकेच्या कार्डाने ती भरण्याची दुसरी सोय आधीच करून ठेवावी. आणि जवळ थोडी रोख असावी. त्या बारा दिवसांत कित्येक दुकानांनी आणि पेट्रोल पंपांनी कार्ड घेणे बंद केले होते. युरोपीय संघात येताना किंवा तिथून बाहेर पडताना १०,००० युरो किंवा त्याहून अधिक रोख जवळ असेल तर ती जाहीर करावी लागते, एवढे लक्षात ठेवावे.

कोचान

फ्लॅट घेतल्यावर पाफोसच्या बाजारात आमची ओळख झालेल्या एका म्हाताऱ्या न्हाव्याने आमच्या यजमानांना पहिला प्रश्न विचारला होता, "घर घेतलंत, छान. पण कोचान मिळालं का?" आम्हाला तो शब्दच ठाऊक नव्हता. सायप्रसमध्ये मालकी हक्काच्या कागदाला जुन्या तुर्की शब्दावरून कोचान म्हणतात. पूर्ण पैसे भरले, ताबा मिळाला, विजेचे मीटर नावावर झाले, तरी कोचान वर्षानुवर्षे न मिळणे ही तिथली जुनी व्याधी आहे. ज्यांनी मुंबई-पुण्यात बिल्डरकडून कन्व्हेयन्स, म्हणजे मालकी नावावर करून देणारा दस्त, मिळवण्यासाठी चपला झिजवल्या आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. फरक एवढाच की तिथे या विलंबाच्या पोटात बँकेचे संकट दडलेले होते.

ते असे घडले. बिल्डर जमीन बँकेकडे गहाण टाकून कर्ज काढी, त्या कर्जावर संकुल उभे राही, फ्लॅट विकले जात, पण आलेला पैसा गहाण सोडवण्याऐवजी पुढच्या जमिनीत जाई. ग्राहकाच्या फ्लॅटवर बिल्डरच्या कर्जाचा बोजा तसाच राही आणि ग्राहकाला त्याची कल्पनाही नसे. भाव चढते असेपर्यंत हे चालून गेले. २००८ नंतर विक्री मंदावली, बिल्डरांची कर्जे थकली, आणि त्याच बँकांचे २०१२ मध्ये ग्रीसच्या सरकारी रोख्यांत प्रचंड नुकसान झाले. एरवी सवलतीने वागणाऱ्या बँकांना आता प्रत्येक तारण वसूल करायचे होते, आणि त्या तारणात लोकांनी पूर्ण किंमत देऊन घेतलेली घरे होती.

म्हणून सायप्रसमध्ये घर असलेल्याने, किंवा घेऊ पाहणाऱ्याने, सर्वांत आधी आपला खरेदी करार भूमी व मोजणी विभागात, म्हणजे तिथे ज्याला सगळे लँड रजिस्ट्री म्हणतात तिथे, नोंदवलेला आहे का हे पाहावे. २०११ च्या कायद्याप्रमाणे सही झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करार तिथे दाखल करावा लागतो. दाखल झालेला करार त्या मालमत्तेवर बोज्यासारखा बसतो, त्यामुळे नंतर आलेले कर्जदाते आणि बिल्डरचे इतर धनको वसुलीच्या रांगेत तुमच्या मागे उभे राहतात. आधीचे गहाण मात्र तुमच्या पुढेच राहते, आणि तिथेच खरी गोम आहे. आमचा करार वेळेत दाखल झाला होता. जमिनीचे गहाण त्याच्या आधी दोन वर्षांचे होते. बिल्डरच्याच कार्यालयाने सुचवलेला वकील आम्ही घेतला आणि त्याने सर्च रिपोर्ट, म्हणजे जमिनीची मालकी आणि बोजे दाखवणारा लँड रजिस्ट्रीचा उतारा, काढलाच नाही, ही चूक आमची. वकील बिल्डरने, दलालाने किंवा कर्ज देणाऱ्या बँकेने सुचवलेला नसावा, आणि सर्च रिपोर्ट व त्याचे भाषांतर हाती आल्याशिवाय एकही युरो देऊ नये.

ज्यांचे घर आधीच घेऊन झाले आहे त्यांनी आजच्या तारखेचा सर्च रिपोर्ट काढावा. करार नोंदवलेला ग्राहक तो स्वतः मागू शकतो किंवा वकिलाला तसे अधिकारपत्र देऊ शकतो. त्यात जमीन कोणाच्या नावावर आहे, गहाण किती रकमेचे आणि कोणत्या तारखेचे, न्यायालयाचा काही हुकूम नोंदला आहे का, हे सगळे दिसते. गहाण घेणारी बँक आज तीच राहिलेली आहे का हेही पाहावे. लाइकीची कर्जे २०१३ मध्ये बँक ऑफ सायप्रसकडे गेली; पुढे बँकांनी थकीत कर्जांचे गठ्ठेच्या गठ्ठे वसुली कंपन्यांना विकले; २०१८ मध्ये सहकारी बँकही बंद झाली आणि तिची चांगली कर्जे हेलेनिक बँकेने घेतली. पाच वर्षांपूर्वी ज्या साहेबांशी तुमचे बोलणे झाले होते त्यांच्या शब्दाला नव्या धनकोकडे किंमत असेलच असे नाही, म्हणून जे ठरेल ते त्याच दिवशी कागदावर उतरवून घ्यावे.

सप्टेंबर २०१५ मध्ये सायप्रसच्या संसदेने अडकलेल्या ग्राहकांसाठी कायदा केला. बिल्डर टाळाटाळ करत असला तरी मालकी मिळवून देणाऱ्या आपल्याकडच्या डीम्ड कन्व्हेयन्सचेच भावंड म्हणावे अशी त्यातली कल्पना आहे: पूर्ण किंमत भरलेल्या आणि ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत करार नोंदवलेल्या ग्राहकाने लँड रजिस्ट्रीकडे अर्ज करायचा, रजिस्ट्रीने बिल्डरला आणि बँकेला नोटीस द्यायची आणि आक्षेप न टिकल्यास गहाण बाजूला करून मालकी ग्राहकाच्या नावावर करायची. बँकांनी या कायद्याला न्यायालयांत आव्हान दिले, त्यामुळे अर्ज केला म्हणजे काम झाले असे समजू नये. तरीही अर्जासाठी लागणारा पुरावा प्रत्येकाने तयार ठेवावा. यात सगळ्यांत जास्त अडते ते पैसे भरल्याच्या पावत्यांवर. प्रत्येक हप्त्याची बिल्डरची पावती आणि त्याच रकमेचा आपल्या बँकेचा उतारा जोडीने लावावा. आमच्या एका हप्त्याची पावती सापडेना. ज्या ब्रिटिश बँकेतून पैसे गेले तिने सहा वर्षांपलीकडचा उतारा देण्यास नकार दिला आणि तो हप्ता सिद्ध करण्यात आमचे आठ महिने गेले. जुने ईमेल पुसू नयेत, एवढा एक धडा त्यातून मिळाला.

बेटाच्या उत्तर भागातल्या घरांविषयी फार लिहीत नाही. १९७४ च्या तुर्की आक्रमणापासून विस्थापित असलेल्या ग्रीक सायप्रियट मालकांच्या जमिनींवर तिथे बरीच बांधकामे झालेली आहेत. अशाच एका घराविषयी सायप्रसच्या न्यायालयाने दिलेला निकाल ब्रिटनमध्ये लागू करता येतो, असे युरोपीय न्यायालयाने एप्रिल २००९ मध्ये स्पष्ट केले. तिथले घर स्वस्त असते त्याचे कारण हेच आहे.

कर्ज कोणत्या चलनात आहे

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त इंग्रज जोडपे राहात असे. त्यांनी २००७ मध्ये स्विस फ्रँकमध्ये कर्ज घेतले होते, कारण त्याचा व्याजदर युरोच्या कर्जापेक्षा बराच कमी होता आणि दलालाने फ्रँक हे जगातले सर्वांत शांत चलन असल्याचे सांगितले होते. त्यांचे निवृत्तिवेतन पौंडात, घर युरोच्या देशात आणि देणे फ्रँकमध्ये. या तीन चलनांनी त्यांचे काय केले ते आकड्यांत पाहावे. तेव्हा एका युरोला सुमारे १.६५ फ्रँक मिळत, म्हणजे दीड लाख युरोचे कर्ज २,४७,५०० फ्रँकचे झाले. सप्टेंबर २०११ मध्ये स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने युरोचा भाव १.२० फ्रँकच्या खाली जाऊ न देण्याचे जाहीर केले. त्या दराने तेच देणे २,०६,२५० युरो भरते. १५ जानेवारी २०१५ रोजी तिने हा आधार एका सकाळीत काढून घेतला. १.०५ चा दर धरला तर रक्कम सुमारे २,३५,७०० युरो होते. मधल्या काळात घराचा भाव उतरत होता. शिवाय २००७ च्या सुरुवातीला दीड युरोच्या जवळ असलेला पौंड २००८ च्या डिसेंबरअखेर जवळजवळ एका युरोवर आला होता, त्यामुळे प्रत्येक हप्ता त्यांना पौंडात आणखी जड गेला.

ज्यांचे कर्ज परक्या चलनात आहे त्यांनी आज उरलेले मुद्दल त्या चलनात, घराच्या देशाच्या चलनात आणि स्वतःच्या पगाराच्या चलनात असे तीन रकान्यांत लिहावे, आणि मग स्वतःचे चलन वीस टक्क्यांनी घसरले तर हप्ता किती होईल तेही लिहावे. हप्ता झेपणार नाही असे दिसत असेल तर थकण्याच्या आधी बँकेकडे जावे. मुदत वाढवणे, काही काळ फक्त व्याज भरणे, कर्ज युरोत बदलून घेणे हे पर्याय नियमित कर्जदाराला मिळतात, थकबाकीदाराला त्यांसाठी विनवण्या कराव्या लागतात. कर्ज बदलून घेताना ते कोणत्या दिवसाच्या दराने बदलले जाईल हे आधी ठरवून घ्यावे. आणि ठेव व कर्ज एकाच बँकेत असतील तर संकटकाळी त्यांची वजावट कशी होईल हेही लेखी विचारावे.

किल्ल्या बँकेच्या टपालपेटीत टाकून विमान पकडणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांची अशी समजूत असते की घर सोडले म्हणजे कर्ज सुटले. सायप्रसमध्ये ते तसे सुटत नाही, स्पेनमध्येही नाही: लिलावातून आलेली रक्कम कमी पडली तर उरलेल्या देण्यासाठी कर्जदार त्याच्या बाकीच्या मालमत्तेनिशी जबाबदार राहतो, आणि धनको त्याच्या मायदेशातल्या न्यायालयापर्यंत येऊ शकतो. घर बँकेला परत द्यायचेच असेल तर संपूर्ण देणे मिटल्याचे लेखी पत्र आधी घ्यावे, किल्ल्या नंतर द्याव्यात. २०१४ पासून सायप्रसमध्ये तारण विकण्याची प्रक्रिया बँकांना पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपी झाली आहे, त्यामुळे न्यायालयात दहा वर्षे निघतील या जुन्या भरवशावर कोणी राहू नये.

संकुल आणि शेजारी

२०१३ च्या मे महिन्यात आम्ही पुन्हा गेलो तेव्हा संकुलाच्या पोहण्याच्या तलावाचे पाणी पालकाच्या भाजीसारखे हिरवे झाले होते आणि त्यात प्लास्टिकची एक खुर्ची तरंगत होती. जिन्याखालच्या फलकावर थकबाकीदार फ्लॅटांचे क्रमांक लावलेले होते: अठ्ठावीसपैकी अकरा. देखभालीचा खर्च सगळ्यांत वाटला जातो, त्यामुळे अकराजण थांबले की उरलेल्या सतराजणांवर तो पडतो, मग त्यांतलेही दोघे-तिघे थांबतात. सोसायटीच्या सभांचा अनुभव असलेल्या मराठी माणसाला इथे पुढाकार घेणे जड जाऊ नये. आम्ही मालकांची समिती कायद्याप्रमाणे रीतसर निवडून घेतली, बिल्डरच्या माणसाकडून हिशेब ताब्यात घेतले, तलाव एका हंगामासाठी रिकामा करून ठेवला आणि आलेल्या पैशांतून इमारतीचा विमा, लिफ्ट आणि सामाईक दिव्यांचे बिल एवढेच आधी भरले. विमा पहिला भरावा, कारण सायप्रस हा भूकंपप्रवण देश आहे. १९५३ च्या सप्टेंबरात पाफोस भागात मोठा भूकंप झाला होता. स्वतःच्या फ्लॅटच्या विम्यात घर सलग किती दिवस बंद राहिले तर संरक्षण थांबते ते कलम शोधून वाचावे.

बंद घरासाठी तिथे राहणारे एक विश्वासाचे माणूस असावे. महिन्यातून एकदा खिडक्या उघडणे, नळ सोडून पाहणे, गच्चीवरच्या सौर बंबाला गळती आहे का ते बघणे आणि दाराखालून सरकवलेल्या पत्रांचे फोटो पाठवणे एवढे त्याचे काम. यांतले शेवटचे सर्वांत मोलाचे आहे. बँकेची आणि न्यायालयाची नोटीस कराराच्या पत्त्यावर जाते, आणि तुमच्या करारात पत्ता बहुधा त्याच बंद घराचा असतो. तो बदलून मायदेशाचा करून घ्यावा.

भारतातून घर घेतलेल्यांसाठी

अलीकडे पुण्या-मुंबईतले काहीजण सायप्रसच्या कायम निवासाच्या परवान्यासाठी किमान तीन लाख युरो अधिक व्हॅट (मूल्यवर्धित कर) एवढ्या किमतीचे नवे घर घेतात. त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: दोर दोन्ही टोकांनी तुटू शकतो. १४ ऑगस्ट २०१३ रोजी, म्हणजे सायप्रसच्या बँका उघडल्यानंतर पाच महिन्यांच्या आत, रुपया घसरत असताना रिझर्व्ह बँकेने भारतीय रहिवाशाची परदेशी पैसे पाठवण्याची वार्षिक मर्यादा दोन लाख डॉलरवरून ७५,००० डॉलरवर आणली आणि तसे पाठवलेल्या पैशांतून परदेशात घर घेण्यास मनाई केली. ज्यांचे बांधकामाच्या टप्प्याप्रमाणे हप्ते चालू होते त्यांची त्यात कोंडी झाली. मनाई पुढच्या वर्षी उठली आणि मर्यादा २०१५ मध्ये अडीच लाख डॉलर झाली, परंतु नियम एका परिपत्रकाने बदलू शकतो हे त्यातून दिसले. टप्प्याटप्प्याचे हप्ते असतील तर पैसे पाठवण्यास सरकारी मनाई आल्यास मुदतवाढ मिळेल, करार मोडणार नाही, असे कलम घालून घ्यावे.

अडीच लाखांची मर्यादा माणशी आहे आणि कुटुंबातली माणसे आपापल्या मर्यादा एकत्र करू शकतात; मात्र या खरेदीसाठी भारतातल्या बँकेकडून कर्ज काढून पैसे पाठवता येत नाहीत. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाख रुपयांच्या वर अशा कामासाठी पाठवलेल्या रकमेवर बँक २० टक्के कर आगाऊ गोळा करते. तो आयकर विवरणपत्रात वळता होतो, पण तेवढे पैसे काही महिने अडकतात, म्हणून हिशेबात धरावेत. परदेशी घर आणि परदेशी खाते विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात दरवर्षी दाखवावे लागते, घर रिकामे असले तरी आणि भाव निम्मा झाला असला तरी. न दाखवल्यास २०१५ च्या काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्याखाली दहा लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. संकटाच्या गडबडीत हेच काम हमखास राहून जाते.

विकावे की ठेवावे

कोचान नावावर, कर्ज नाही किंवा झेपणारे आहे, संकुल चालते आहे आणि घर तुम्हाला हवेसे वाटते, अशा स्थितीत भाव उतरला म्हणून विकण्याचे कारण नाही. ते घर सुट्टीसाठी घेतलेले आहे आणि समुद्र जिथे होता तिथेच आहे. कर्ज परक्या चलनात आणि हप्ता पगाराला डोईजड असेल तर मिळेल त्या भावाला विकण्याचा विचार लवकर करावा. कोचान नसेल तर विकता येते, करार दुसऱ्याच्या नावे करून देता येतो, परंतु गिऱ्हाईक कमी मिळतात आणि जो मिळतो तो भाव पाडूनच मागतो. अशा वेळी माझ्या मते आधी कागदावर खर्च करावा. आम्ही २०१४ मध्ये आलेला एक प्रस्ताव याच कारणाने नाकारला, आणि त्या वेळी घरात त्यावरून बरीच वादावादी झाली होती.

विक्री झालीच तर आलेले पैसे स्थानिक खात्यात मुक्कामाला ठेवू नयेत. २०१३ च्या मार्चमध्ये ज्यांच्या खात्यात घराच्या विक्रीची रक्कम नुकतीच जमा झालेली होती त्यांचे हाल सर्वांत वाईट झाले. २०१४ च्या युरोपीय निर्देशानंतर घर विकून आलेल्या मोठ्या रकमेला किमान तीन महिने वाढीव संरक्षण मिळते, पण त्याची रक्कम आणि मुदत देशागणिक वेगळी आहे. पैसे कोणत्या बँकेतून, किती दिवसांत, कोणते कागद दाखवून मायदेशी जातील हे हस्तांतराच्या तारखेआधीच बँकेशी ठरवून घ्यावे.

आणि ज्या दिवशी कोचान हाती येईल त्या दिवशी ते कार्यालयातच बसून वाचावे. ते ग्रीकमध्ये असते आणि ग्रीकमध्ये आपला श नाही, त्यामुळे कागदावरची शैलजा जोशी सैल्झा त्झोसी होऊन बसते. वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव कधी आडनाव समजून लिहिले जाते, कधी गाळले जाते. घराचे क्षेत्रफळ, वाहनतळाची जागा आणि गच्चीचा हिस्सा कराराशी ताडून पाहावा, नावापुढे पासपोर्टचा क्रमांक घालून घ्यावा आणि तो पासपोर्ट संपला तरी फेकू नये. आमचे कोचान आले तेव्हा त्यावर मी त्झोसी होते आणि यजमान योसी. कारकुनाने हसत हसत दुरुस्तीचा अर्ज पुढे केला आणि पुढच्या मंगळवारी यायला सांगितले.